हनोईत चार दिवस: बिया होय, शेपूतला मासा आणि उकडलेल्या शेंगा

खाडीकाठ (कोपरी, ठाणे पूर्व)

मागे इथेच विचारलं होतं, चार दिवस हातात आहेत, लेक होस्टेलवर आहे, कुठे जाऊ? निम्म्या जणांनी महाबळेश्वर सांगितलं, दोघांनी "घरीच झोपा काढा" असा सल्ला दिला आणि एकाने नुसतं "हनोई" एवढंच लिहून पळ काढला. त्या सद्गृहस्थांचे आभार. मुंबईहून थेट विमान आहे, पाचेक तासांचं. गणपतीत तेवढ्या वेळात आम्ही वडखळपर्यंतही पोचत नाही.

गेलो तिघं: मी, नवरा आणि मोठी नणंद. मी समोर येईल ते खाते. नवरा गोमांस सोडून सगळं खातो आणि बिअर प्रेमाने पितो. ताई शाकाहारी, बिअर नाही, अंडं "केकमधलं चालतं" या पंथातली. या तिघांना एका टेबलावर बसवायचं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात असं आहे त्यांना कळेल.

आधीच ठरवलं होतं की खायलाच जायचं. 'हा लाँग' नावाच्या उपसागरात सगळे जातात, पण जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो. आम्ही गेलो नाही, आणि त्याबद्दल इथे कुणी ओरडू नये.

पहिला दिवस वाया गेला, तो आमच्याच अकलेने. बुन चा खायचं म्हणून रात्री साडेआठला निघालो. बुन चा म्हणजे कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या टिकल्या आणि काप, कोमट आंबटगोड फिश सॉसच्या पाण्यात बुडवलेले, सोबत तांदळाच्या शेवया आणि परडीभर पाला. तीन दुकानं पालथी घातली, तिन्ही बंद. तिसऱ्या ठिकाणी बाई फरशी धूत होती. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि हाताने सूर्य डोक्यावर असल्याची खूण केली. बुन चा दुपारचं खाणं आहे. आपल्याकडे रात्री साडेआठला कुणी कांदेपोहे मागत फिरावं, तशी आमची गत.

मग बिअरसाठी ता हिएन गल्लीत गेलो, कारण इंटरनेटवर सगळीकडे तीच. दोन्ही बाजूंनी स्पीकर आणि हाताला धरून बसवणारी पोरं. कार्डावर ताजी बिअर लिहिलेली, पण "संपली" म्हणून बाटली आणली आणि बिलात ती चौपट भावाने लावली. भांडायला भाषा नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे, शिकवणी समज.

पण ती "संपली" ही गोष्ट खरी असते, हे दुसऱ्या दिवशी कळलं. बिया होय. लिहितात 'होई', कानाला 'होय' ऐकू येतं. ही रोज बनणारी, न टिकणारी बिअर. सकाळी पिंपं दुकानात येतात आणि संध्याकाळ उतरली की तळ गाठतात. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची म्हणून काही प्रकारच नाही. आपल्याकडे दुधाची किंवा पावाची जशी वेळ असते तशी हनोईत बिअरची वेळ असते, आणि तिच्या वेळेला आपण जायचं असतं. एकदा हे डोक्यात शिरलं आणि पुढचे तीन दिवस सुतासारखे सरळ गेले. सकाळी फो (रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया), दुपारी बुन चा, चार-साडेचारला बिया होय, रात्री तळ्याकाठी फेरी. शहराच्या घड्याळाने जेवलो.

दुकान म्हणजे फुटपाथ. निळी-लाल प्लास्टिकची स्टुलं, आपल्याकडे बाथरूममध्ये कपडे धुवायला घेतात त्या उंचीची. ताईचे गुडघे पहिल्या पाच मिनिटांत बोलायला लागले. पिंपातून नळीने थेट ग्लासात ओततात. ग्लास बघून मी बिअर विसरले. जाड, हिरवट, आत बुडबुडे अडकलेले, एकसारखा दुसरा नाही, काठ किंचित वाकडा. भंगार काच वितळवून फुंकलेले ग्लास हे. १९७० च्या दशकातल्या टंचाईपासून बिया होयचा ग्लास म्हणजे हाच, आणि हातात घेतला की बिअर आपोआप गार वाटते. बिअर स्वतः पाणीदार, फिकी, जेमतेम कडवट. नवऱ्याचा पहिला घोट आणि निकाल: "यात काहीच नाही." चौथ्या ग्लासाला तोच म्हणाला, "यात काहीच नाही हेच चांगलंय." साडेतीन-चार टक्क्यांच्या आतली आणि पंधरा हजार डोंगांना एक ग्लास.

पंधरा हजार ऐकून दचकू नका. विमानतळावर दीडशे डॉलर मोडले आणि आम्ही चाळीस लाखांचे धनी झालो. हिशोब असा: शेवटची तीन शून्यं उडवा, उरेल त्याला दहाने गुणून तिनाने भागा. पंधरा हजार म्हणजे पन्नास रुपये.

हिशोब जमला तरी नोटा जमत नाहीत. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह. तिथे टोपली घेऊन एक मावशी उकडलेल्या शेंगा विकत होती. नवऱ्याने दोन ग्लासांनंतरच्या उदार मनाने एक नोट दिली. मावशीने ती उजेडात धरली, आमच्याकडे बघितलं, मग शेजारच्या टेबलाला दाखवली. शेजारच्या टेबलाने पलीकडच्याला दाखवली. सगळा फुटपाथ हसत होता आणि आम्हाला कळेना. शेवटी तिने नवऱ्याचं पाकीट स्वतःच्या हाताने उघडलं, पाच लाखांची नोट आत सारली, वीस हजारांची बाहेर काढली आणि त्याच्या गालावर चापट मारल्यासारखं केलं. शेंगा मीठ घालून उकडलेल्या, थेट आपल्या ठाण्याच्या तलावपाळीच्या. ताई म्हणाली, एवढं लांब येऊन शेंगाच खायच्या होत्या तर. आणि दोन पुड्या संपवल्या.

आता चा का. नाही, चहा विचारत नाहीये. चा का हे माशाच्या एका पदार्थाचं नाव. म्हणजे 'का' हा मासा आणि 'चा' हा भाजण्याचा प्रकार. हनोईत याच नावाचा रस्ता आहे. पूर्वी तिथे रंग आणि लाख विकणारे बसायचे, मग या एका पदार्थाने रस्त्याचं नाव खाल्लं. टेबलावर शेगडी येते, त्यावर तवा, तव्यात हळद लावून आधी भाजलेले माशाचे तुकडे तेलात चुरचुरत असतात. मग पोरगी येते आणि तव्यात शेपू टाकते. चिमूटभर नाही, कढईभर. पातीचा कांदा आणि शेपू, दोन्ही हातांनी ओंजळी भरून. पाला बसतो, तेल पिवळं-हिरवं होतं आणि गल्लीभर वास सुटतो. माझ्या आजीच्या घरात गुरुवारी यायचा तो वास. हळद आणि शेपू! परदेशात गेल्यावर घरची आठवण येते म्हणतात, ती अशी तव्यातून समोर येईल असं वाटलं नव्हतं. शेवया, शेंगदाणे, मिरची आणि वरून हा मासा. मी दोन वेळा खाल्लं. नवऱ्याला शेपू आवडत नाही, त्याने मासा उचलून पाला माझ्याकडे सरकवला. लग्नाला तेवीस वर्षं झाली आहेत.

अंड्याची कॉफी उद्या लिहिते. ताई काय खाऊन जगली तेही.


शेपूद्वेष्टा

तुमच्या यजमानांना माझा साष्टांग नमस्कार. मला वाटलं होतं निदान परदेशात तरी सुटका असेल.


हिशोबनीस (सीवूड्स)

मस्त. व्हिसाचं सांगा ना, आणि एकूण किती लागले?


खाडीकाठ

@हिशोबनीस, ई-व्हिसा. एका प्रवेशाचा २५ डॉलर, सरकारी संकेतस्थळावरूनच भरा, मध्ये दलालांच्या हुबेहूब साइट बऱ्याच आहेत. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. ताईचं आधी चुकलं होतं, परत पैसे भरून परत केलं. बाकी खर्चाचं गणित विमान कधी काढता त्यावर. तिथे पोचल्यावर मात्र खाण्यापिण्याला तिघांना मिळून दिवसाला अडीच-तीन हजार रुपयांच्या वर गेलं नाही, आणि त्यात ती चौपटवाली बाटलीही आली.


जुनापासपोर्ट (नौपाडा)

मी २००९ मध्ये कामानिमित्त महिनाभर होतो. तेव्हा बिया होयचा ग्लास पाच हजार डोंगांच्या आत होता आणि ता हिएनच्या कोपऱ्यावर खरोखर तीच मिळायची. आता तिथे स्पीकरच आहेत म्हणता, वाईट वाटलं. पण ते होणारच होतं. एखादा कोपरा पुस्तकात छापून आला की कोपरा उरत नाही.

थोडी भर घालतो. हनोईत बिअर आणली फ्रेंचांनी. ओमेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८९० मध्ये तिथे कारखाना काढला. फ्रेंच १९५४ ला गेले, कारखाना बंद पडला आणि १९५८ मध्ये पुन्हा चालू झाला. आजची सरकारी हनोई बिअर ही त्याचीच पुढची पिढी. बाटल्या, बुचं, काच, साखर सगळ्याची टंचाई होती त्या काळात, मग बाटलीत न भरता पिंपातूनच विकायची ही युक्ती साहजिक होती. १९८६ मध्ये धोरणं सैल होईपर्यंत रेशनचे दिवस. म्हणजे ताजेपणा हे आज कौतुक वाटतं, मुळात ती गरज होती. तांदूळही असतो त्या बिअरमध्ये, म्हणून ती तशी हलकी.

'होई' म्हणजे वाफ किंवा हवा. आपल्याकडे 'ड्राफ्ट' म्हणतात तसंच काहीसं.


घासफूस (वाशी)

लेखन छान, पण या विभागात बिअरचे धागे फार झालेत असं नाही का वाटत? चार दिवसांत त्या देशाची संस्कृती बघायची सोडून फुटपाथवर पीत बसायचं. साहित्यमंदिर, संग्रहालय, काहीच नाही?


खाडीकाठ

@घासफूस, साहित्यमंदिरही पाहिलं. १०७० सालचं आहे, सुंदर आहे, कासवांच्या पाठीवर शिळा आहेत आणि त्यांवर परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरली आहेत. ताईने प्रत्येक कासवाचा फोटो काढला. मला त्यावर यापेक्षा जास्त लिहिता येत नाही, आणि शेपूवर येतं, त्याला काय करू?


जुनापासपोर्ट

@घासफूस, त्या फुटपाथवर आजोबा, नातू, रिक्षावाला, बँकेतला साहेब सगळे एकाच उंचीच्या स्टुलावर बसतात. संस्कृती म्हणजे आणखी काय असतं हो?


घासफूस

बरं बाबा. मी फक्त विचारलं.


दर्यावर्दी (चेंदणी कोळीवाडा)

खाडीकाठताई, एक गोष्ट तुम्ही लपवली. चा काबरोबर जांभळट रंगाची एक वाटी येते ती खाल्लीत की बाजूला केलीत? माम तोम. कोळंबी मिठात मुरवून केलेली चटणी. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो, आमच्या गटातल्या सगळ्यांनी रुमाल नाकाला लावले. मला मात्र वास आला आणि थेट आमच्या आईचं सुक्या जवळ्याचं पातेलं आठवलं. पोराने त्यात लिंबू पिळलं, साखर टाकली, गरम तेल घातलं आणि काड्यांनी फेटलं, वर फेस आला. तो फेस आला की वास निम्मा कमी होतो आणि चव दुप्पट होते. तळलेला टोफू त्यात बुडवून, सोबत शेवया, 'बुन दाउ माम तोम' म्हणतात त्याला. बिया होयबरोबर याच्यासारखं दुसरं नाही.

तिथल्या बाजारातही गेलो होतो. बोंबील मात्र दिसला नाही. बिचारे.


खाडीकाठ

@दर्यावर्दी, पकडलंत. मी चाखली. नवऱ्याने वाटी शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि शेजारचं टेबल परत हसलं. आमच्यामुळे त्या आठवड्यात हनोईत बऱ्याच लोकांची करमणूक झाली.

आता कॉफी. होआन किएम तळ्याच्या पूर्वेला एका दुकानाला जेमतेम माणूस जाईल एवढं तोंड आहे, आत बोळ, बोळ संपला की अंगण आणि वर मजले. १९४६ मध्ये दूध मिळेना तेव्हा तिथल्या एका मोठ्या हॉटेलातल्या माणसाने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. टंचाईतून आलेली अजून एक गोष्ट, जुनापासपोर्ट यांनी लिहिलं तसं. बलक, कन्डेन्स्ड मिल्क, इतकं फेटलेलं की चमचा उभा राहतो. खाली कडू रोबस्टा. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, नाहीतर थंड झाल्यावर अंडं अंड्यासारखं लागायला लागतं. ताईला मी सांगितलं की हे केकसारखंच आहे. तिने डोळे मिटून पहिला चमचा घेतला. मग दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "त्या केककडे जाऊ या का?"

त्याच दुकानात अंड्याची बिअरही मिळते. नवऱ्याने घेतली. त्यावर आमच्या घरात अजून चर्चा झालेली नाही.

तळ्याचं सांगायचं राहिलं. ठाण्याच्या माणसाला तळ्याकाठी चालायला शिकवावं लागत नाही. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत होआन किएमभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. आया पोरांना सायकली शिकवतात, म्हातारे बुद्धिबळासारखं काहीतरी खेळतात, बायका ओळीत नाचतात. आपल्या मासुंदा तलावाभोवती एक रविवार असं करून बघितलं पाहिजे. (हो, माहीत आहे, गाड्या कुठे वळवणार. स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत.)


निळीछत्री (ऐरोली)

ताईंचं लिहा ना. माझे सासू-सासरे बरोबर येणार आहेत, दोघंही पक्के शाकाहारी. सगळे म्हणतात तिथे फिश सॉसशिवाय पाणीही देत नाहीत.


सध्या_हनोई

मी इथे तीन वर्षं नोकरीला आहे, मूळचा घोडबंदर रोडचा. शाकाहाराचं मी सांगतो.

एक शब्द पाठ करा: 'चाय'. इथे चाय म्हणजे शाकाहार. चहाला म्हणतात 'चा'. म्हणजे आपल्या बरोबर उलटा गोंधळ. 'तोय आन चाय', मी शाकाहारी खातो. सासूबाईंना सांगा, "तो आण, चाय" असं म्हणा, चालून जाईल. 'कोम चाय' किंवा 'क्वान चाय' अशी पाटी दिसली की डोळे मिटून आत जा, ते बौद्ध पद्धतीचं शाकाहारी असतं, फिश सॉसही नसतो. कट्टर ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, जैन मित्रांना हे आवडतं.

चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला इथले पुष्कळ लोक मांसाहार करत नाहीत. आपल्या चतुर्थी-एकादशीसारखंच. त्या दिवशी चायची दुकानं ओसंडून वाहतात, नेहमीची दुकानंही एखादा चाय पदार्थ ठेवतात. जमलं तर त्या तारखा बघून या.

नेहमीच्या दुकानात लसूण घालून परतलेली राउ मुऑंग मागवा. ती आपली नाळीची भाजी. पण तिच्यातही कधी ऑयस्टर सॉस असतो, म्हणून 'चाय' म्हणायचंच. सकाळी सोई सेओ: हळद घातलेला चिकट भात, वर मुगाच्या डाळीचा गोळा सुरीने किसून, वर तळलेला कांदा. दिसायला निखळ सात्त्विक, पण वरून चमचाभर चरबी सोडतात आणि ती तेलासारखी दिसते. आधी सांगितलं की सोडत नाहीत.

गोमांस टाळणाऱ्यांसाठी: 'बॉ' असेल तर गाय, 'गा' असेल तर कोंबडी. फो गा मागा. रस्सा एकाच पातेल्यातला आहे का हा प्रश्न मात्र घरी ठेवून या.

हाक मारताना 'वेटर' वगैरे नाही. वयाने लहान असेल तर 'एम ओय'. मोठी बाई असेल तर 'ची', म्हणजे ताई. पुरुष असेल तर 'आन्ह', म्हणजे दादा. अजून मोठे असतील तर काका, आत्या यांना वेगवेगळे शब्द आहेत. 'मी' आणि 'तू' सुद्धा नात्यावरून ठरतं, त्यामुळे ओळख झाली की लगेच वय विचारतात. राग मानू नका. मला पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी विचारलं.


खाडीकाठ

@सध्या_हनोई, हे आधी का नाही भेटलात! ताई सुरुवातीला "नो मीट, नो फिश" म्हणत होती आणि तिच्यासमोर कोळंबी येत होती. कोळंबी त्यांच्या लेखी मासा नाहीच. शेवटी होटेलातल्या मुलीने एका कागदावर काहीतरी लिहून दिलं, तो कागद ताईने देवाच्या फोटोसारखा पर्समध्ये जपला आणि सगळं सुरळीत झालं. आता कळलं, त्यावर 'चाय' लिहिलेलं असणार. टोमॅटोतला टोफू तिला इतका आवडला की रोज तोच. एका दिवशी तिची संकष्टी होती, तेव्हा केळी, नारळपाणी आणि परत त्याच मावशीच्या शेंगा.


मात्रा_दोनवेळा

डॉक्टर म्हणून दोन ओळी. पिंपातली बिअर ठीक, गर्दीचं दुकान निवडा, जिथे पिंप लवकर संपतं. बर्फ मध्ये भोक असलेला नळकांड्यासारखा असेल तर तो बहुधा कारखान्यातला असतो. फोडलेला असेल तर विचार करा. धुतलेला कच्चा पाला पोट नाजूक असणाऱ्यांनी पहिल्या दिवशी टाळावा.

आणि खरी महत्त्वाची: पर्यटकांच्या बारमध्ये फुकट मिळणारे दारूचे शॉट घेऊ नका, देशी बाटलीतली अनोळखी दारूही नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्या लाओसमध्ये वांग व्हिएंगला मिथेनॉलमुळे सहा परदेशी पर्यटक गेले. दारूत ते चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही, आणि डोळ्यांना धूसर दिसायला लागेपर्यंत बारा-चोवीस तास जाऊ शकतात. हँगओव्हर समजून झोपून राहू नका.

स्कूटर भाड्याने घेणार असाल तर त्या दिवशी एक थेंबही नाही. व्हिएतनाममध्ये २०२० पासून गाडी चालवणाऱ्याला शून्य मर्यादा आहे, एका ग्लासालाही दंड होतो.


हिशोबनीस

स्कूटरचं नावही नको. तो रस्ता ओलांडतानाचा व्हिडिओ बघूनच मला घाम फुटला.


सध्या_हनोई

रस्ता ओलांडायची एकच पद्धत: एकसारख्या संथ चालीने चालत राहा, थांबू नका, मागे फिरू नका. गाड्या तुमच्याभोवतीने वाहतात. धावलात तर त्यांचा अंदाज चुकतो. गोखले रोडवर सराव करून या, म्हणजे अर्धं काम झालं.

आणि एक, गल्ल्यांत बायका गोल तळलेले गोळे हातात कोंबतात, किंवा खांद्यावरची कावड तुमच्या खांद्यावर देऊन "फोटो, फोटो" म्हणतात. दोन्हींचे पैसे नंतर सांगतात. हात पाठीमागे बांधून हसत पुढे जायचं.


निळीछत्री

खूप धन्यवाद सगळ्यांचे. आमचं जूनमध्ये ठरतंय, तेव्हा कसं असतं?


सध्या_हनोई

ठाण्याचा मे महिना आणि जुलै महिना एकत्र करा. शक्य असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसेंदिवस भुरभुर असते, कपडे वाळत नाहीत. त्यांच्या नवीन वर्षाला, म्हणजे तेतला, अर्धं शहर गावी जातं आणि निम्मी दुकानं बंद असतात.


दर्यावर्दी

ओबामावालं बुन चाचं दुकान बघितलंत का? २०१६ मध्ये तो टीव्हीवरच्या शेफ अँथनी बोर्डेनबरोबर तिथे जेवला, ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवलंय. स्टुलांसकट.


खाडीकाठ

बघितलं, जेवलोही. चांगलं होतं. पण फरशी धुणाऱ्या त्या बाईकडे शेवटच्या दिवशी दुपारी बाराला परत गेलो, ते जास्त चांगलं होतं. तिने ओळखलं. परत सूर्याची खूण केली आणि अंगठा दाखवला.

बरं, घरचा प्रयोग. रविवारी चा का करून बघितलं. बाजारात बासा स्वस्त मिळाला, हळद, आलं, थोडं दही, थोडं फिश सॉस लावून दोन तास ठेवला, तव्यावर भाजला आणि शेपूच्या दोन जुड्या ओतल्या.


दर्यावर्दी

बासा! ताई, चेंदणीच्या बाजारापासून दहा मिनिटांवर राहून बासा? तो तेलात विरघळतो. रावस घ्या, नाहीतर घोळ. जाड काप, कातडीसकट. दही काढा, त्याऐवजी कोकमाचं आगळ चमचाभर घाला, त्यांचा आंबटपणा त्याच्या जवळ जातो. शेपू शेवटच्या मिनिटाला, आच बंद करून.


खाडीकाठ

विरघळलाच. शेवटी त्याचं पिवळं पिठलं झालं आणि आम्ही ते भाताबरोबर खाल्लं. या शनिवारी रावस घेऊन परत. येता का? बिअर मात्र बाटलीतलीच मिळेल.


शेपूद्वेष्टा

यजमानांना विचारा, उरलेली जुडी कुणाला देताय.


खाडीकाठ

@शेपूद्वेष्टा, उरत नाही. मूगडाळ घालून केली आजच, ताई येतेय जेवायला.